शेवटची सोनेरी वीट

मित्रांनो, डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कबुतरांना घाबरवायला नाडीला बांधलेली एक चकती तीन आठवडे गरगरत होती. ती मी. मी एक जुनी गेमची डिस्क आहे आणि कबुतरं मला जराही घाबरली नाहीत. एक तर रोज माझ्यासमोर बसून, मान वाकडी करून स्वतःचं रूप न्याहाळायचं. पण मला लाज वाटते ती कबुतरांमुळे नाही. ती गोष्ट वेगळी आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर अख्खं जग कोरलं गेलं. सिनेमातले पाठलाग, मारामाऱ्या, उडत्या गाड्या, सगळं खेळण्यातल्या ठोकळ्यांनी बांधलेलं. माझ्यात कुणी मरत नाही. माणूस पडला की त्याचे ठोकळे होतात आणि टुणकन तो परत उभा राहतो. रक्ताचा थेंब नाही, म्हणून आयांचीही मला हरकत नसते.

साईनाथकाकांनी मला ठाण्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं, तेच मुळी फसून. कव्हर बघून त्यांना वाटलं, लहान मुलांचा सिनेमा आहे. टिटवाळ्याला घरी नेऊन त्यांनी मला सिनेमाच्या प्लेअरमध्ये घातलं. प्लेअरने मला तीनदा बाहेर ढकललं. काका प्लेअरला थापट्या मारत राहिले. त्यांचा मुलगा संदेश बघत होता. ही गेम आहे आणि आपल्याकडे तिचं मशीनच नाही, हे त्याला केव्हाच कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "राहू द्या बाबा. कव्हर पण भारी आहे."

मशीन होतं डोंबिवलीला, त्याच्या चुलतबहिणीकडे, ऐश्वर्याकडे. मग मी तिथेच राहायला गेले. संदेश रविवारी यायचा. ऐश्वर्या त्याच्याहून एकाच वर्षाने मोठी, तरी तो तिला मुद्दाम 'ऐशूताई' म्हणायचा. दोघं शेजारी बसून खेळायचे. त्याचा माणूस कायम पिवळ्या टोपीवाला, तिचा लाल झग्यावाला. माझ्यात सोन्याच्या विटा लपवलेल्या आहेत. त्या गोळा करायला त्यांना दोन वर्षं लागली. मित्रांनो, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर. भांडणं काय, चिवड्याच्या हातांनी रिमोट काय.

एका रविवारी पडद्यावर नव्याण्णव टक्के आले. एकच वीट राहिली. ती उंच मनोऱ्यावर आहे, आणि एकाने खाली खटका दाबून धरल्याशिवाय दुसऱ्याला वर चढता येत नाही. तेवढ्यात साईनाथकाकांनी चपला घातल्या.

"राहू दे," संदेश म्हणाला. "सहामाही झाली की येतो, मग घेऊ. तू एकटी घेऊ नकोस हां."

"एकटीला घेताच येत नाही रे, वेड्या," ऐश्वर्या म्हणाली.

पुढचे काही रविवार तो आला नाही. आली ती करिश्मा, ऐश्वर्याची जुनी वर्गमैत्रीण. तिचं कुटुंब घोडबंदर रोडला मोठ्या टॉवरमध्ये राहायला गेलं होतं आणि तिच्याकडे एकाहून एक नव्या गेम्स होत्या.

"अगं, तू अजून ही लहान मुलांची गेम खेळतेस?" ती म्हणाली. "आणि ती पण नव्याण्णववर अडकलीय?"

"अडकलेली नाहीये. ठेवलीय."

"ठेवलीय म्हणे. सांग ना, जमत नाहीये."

ऐश्वर्याने तिच्या हातात दुसरा रिमोट दिला. पिवळ्या टोपीवाल्याने खटका दाबून धरला, लाल झग्यावाला वर चढला. वीट मिळाली. माझ्यातली सगळी माणसं बाहेर येऊन नाचली, आकाशात ठोकळ्यांचे फटाके फुटले. हा नाच मी एका खेळात एकदाच दाखवते. तो मी चुकीच्या माणसासमोर दाखवला, आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा मजाच आली. ही माझी पहिली लाज.

संध्याकाळी संदेशचा फोन आला. परीक्षा संपली होती. "उद्या येऊ?"

ऐश्वर्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "अरे, डिस्क बिघडलीय. लागतच नाहीये."

मी टेबलावर ठणठणीत पडले होते.

हे तिच्या आईने, म्हणजे काकूंनी ऐकलं. "बंद पडली का? मग दे इकडे. कबुतरांनी नुसता वैताग आणलाय." ऐश्वर्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगायला तेवढाच वेळ होता. काकूंनी माझ्या भोकातून नाडी ओवली.

तीन आठवड्यांनी साईनाथकाका अळूची पानं घेऊन आले, सोबत संदेश. तो गॅलरीत गेला आणि त्याने मला ओळखलं. नाडी सोडली, टी-शर्टवर पुसलं. ग्रिलला घासून माझ्या पाठीवर ओरखडा पडला होता.

"एकदा लावून बघू."

"नको रे, मशीन खराब होईल," ऐश्वर्या म्हणाली.

त्याने लावलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागितलं की मी खरंच बिघडलेली निघू दे. तिचं खोटं खरं करायला मी तयार झाले होते. ही माझी दुसरी लाज, आणि मोठी. पण मी लागले. पडद्यावर दोघांची नावं आली, आणि पुढे शंभर टक्के.

"चालतेय की," संदेश म्हणाला. मग त्याने विचारलं, "माझी टोपी कुणी घेतलेली?"

"करिश्माने."

"आणि शेवटी काय होतं?"

"सगळे नाचतात. फटाके असतात."

"दाखव ना."

ऐश्वर्या खाली बघत म्हणाली, "परत नाही दिसत ते. पहिल्यापासून खेळावं लागतं. सॉरी, संदेश. मी खोटं बोललेले. आईशी पण."

आतून काकूंनी सगळं ऐकलं असावं, कारण पोह्यांची मोठी बशी त्यांनी संदेशसमोर ठेवली. ऐश्वर्याने नवा खेळ उघडला. शून्य टक्के. नाव लिहिताना त्याचं आधी लिहिलं आणि पिवळी टोपी त्याच्यासमोर ठेवली. संदेशने रिमोट लगेच उचलला नाही. आधी पोहे खाल्ले, सावकाश, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत. मग हात पुसले.

आज ते सतरा टक्क्यांवर आहेत. ओरखड्यामुळे तिसऱ्या भागात मी अडकते, चित्र थिजतं. दोघांना थांबावं लागतं.

"ऐशूताई," तो दर वेळी म्हणतो, "ही आता खरंच बिघडलीय हां."

ती हसत नाही. कान लाल होतात तिचे. माझी पाठही तिथेच खरखरते.

मित्रांनो, आम्हाला नाडीला टांगू नका, डबीत ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण आणखी एक मागते. कुणी आपली शेवटची वीट तुमच्या भरवशावर सोडून गेलं असेल, तर त्याला येऊ द्या. मी तिसऱ्या भागात अडकून थांबते ना, तसं थांबा.