पाट्याखालची माती

मी एक जुना पाटा आहे, आणि एका भिंतीत आहे. माझं तोंड आतल्या बाजूला असल्यामुळे समोर फक्त चुना दिसतो. ज्यावर कधी काळी मका वाटला जाई, त्या माझ्या पोटावर आता दुसऱ्या दगडांचं ओझं आहे. मला हलता येत नाही. पण मित्रांनो, मी भिंतीत यायच्या आधीही अडकलेलोच होतो, तेही सांगतो.

मी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. डोंगराच्या पायथ्याशी एका माणसाने मला तीन पाय ठेवून घडवलं आणि होडीतून तळ्यातल्या बेटावर आणलं. तेव्हा तिथे लव्हाळ्याच्या झोपड्या होत्या आणि शेजारची राज्यं आमच्या माणसांना हसत. पुढे आमच्याच माणसांनी तळ्यातला गाळ उपसून त्यावर शेतं केली, पाण्यातून रस्ते काढले, डोंगरातलं गोडं पाणी शहरात आणलं. मी सासूकडून सुनेकडे जात राहिलो. पहाटे घराघरांतून पाट्यांचा आवाज उठे, तेव्हा कुठे शहर जागं होई.

माझ्यावरचा सगळा मका आमच्या शेतातला नसे. आम्ही जिंकलेल्या गावांतली माणसं तो खंडणी म्हणून पाठीवरून आणून टाकत. माझ्यावर सगळा सारखाच बारीक होई. मला फरक कळत नसे. त्या गावांना कळत होता.

मुलगी जन्मली की तिची नाळ चुलीजवळ पाट्याखाली पुरायची आमच्याकडे रीत होती. मुलीने घर धरून राहावं, म्हणून. घरच्या सुनेला, शोकोला, मुलगी झाली, सेंतेवा; तेव्हा शोकोच्या सासूने स्वतः खड्डा खणला, नाळ पुरली आणि मला त्यावर बसवलं.

सेंतेवा रांगू लागली ती माझ्याकडेच. पुढे तर पीठ चाटायची सवयच लागली तिला.

"पाटा चाटू नकोस, दात पडतील," शोको म्हणे.

"आजीचे पडलेत. तिने चाटला होता?"

"मी कशाला चाटू?" आजी चुलीपासून म्हणे. "माझे तुझ्या आईच्या भाकऱ्यांनी पडले."

मग समुद्रापलीकडची माणसं आली. त्यांच्यामागोमाग अंगभर फोड आणणारा रोग आला. घरोघरी बायका अंथरुणाला खिळल्या, मका असूनही वाटायला कुणी उठेना, आणि रोगातून वाचलेली माणसंही उपाशी मेली. सेंतेवाचे वडील रोगातच गेले. नंतर परक्यांनी शहराला वेढा घातला. त्यांच्या बाजूने लढत होती आमच्याच शेजारची गावं. रस्ते अडले, गोडं पाणी तुटलं, मका संपला. लोक सरडे आणि गवत खाऊ लागले.

एका दुपारी शोकोने सेंतेवाला माझ्याजवळ बसवलं.

"चाट. बारीक खड्ड्यांत थोडं पीठ असेल."

"आई, दात?"

"पडू देत."

शहर पडलं. उरलेल्यांना बाहेर जायला वाट दिली, पण वाटेवर परके सोनं शोधत होते आणि देखण्या पोरी ओढून नेत होते. शोकोने लेकीच्या तोंडाला चिखल फासला, फाटकं नेसवलं. सेंतेवा मात्र मला धरून बसली.

"माझी नाळ इथं आहे. आजी म्हणते, नाळ सोडून जाणारी वाटेतच मरते."

शोकोने सासूकडे पाहिलं. "आत्याबाई, सांगा तिला काहीतरी."

"काय सांगू? मीच पुरली, मीच तसं सांगितलं." म्हातारी उठली. "धर तिकडून."

दोघींच्या अंगात जीव नव्हता. त्या मला उचलत होत्या आणि मी जागचा हलत नव्हतो. मित्रांनो, आयुष्यभर मला माझ्या वजनाचा अभिमान होता. त्या दिवशी एक मुलगी माझ्या वजनामुळे अडकली होती आणि मला स्वतःहून बाजूलाही होता येत नव्हतं. शेवटी म्हातारीने पाठ लावून रेटा दिला. मी कलंडलो, माझा एक पाय मोडला. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

शोकोने नखांनी माती उकरली. खाली काहीच नव्हतं. नाळ केव्हाच मातीत मिसळून गेली होती.

"कुठाय?" सेंतेवाने विचारलं.

म्हातारीने मूठभर माती नातीच्या पदरात बांधली. "ही काय. आता घर तुझ्याबरोबर आहे. चल, ऊठ."

"आणि तू?"

"माझी नाळ कुठल्या ढिगाऱ्याखाली आहे, ती कोण उकरणार? जा गं, आईचा हात सोडू नकोस."

त्या दोघी गेल्या. म्हातारी मला टेकून बसून राहिली, आणि मग तिचा श्वासही थांबला.

घरं पाडली गेली. पाडणारे हात आमच्याच माणसांचे होते, हुकूम परक्यांचा. माझे उरलेले पाय तोडून मला या भिंतीत बसवलं. सेंतेवा पैलतीरी पोचली का, हे चुन्याला विचारून कळत नाही. कधी पहाटे भिंतीपलीकडून पाट्याचा आवाज येतो. तो तिच्या घरातला आहे असं मी धरून चालतो.

मित्रांनो, मला भिंतीतून काढा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या न हललेलं काही जड असेल, तर ते जपा, पुसा. पण अधूनमधून दोघांनी मिळून ते उचलून बघा. खाली कुणाचं काही अडकलेलं असेल.