माहेरची सुपं

धोंडुबाईंच्या पत्राला सखारामने दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. रोह्याजवळच्या एका गावातून आलेलं, वहीच्या पानावरचं ते पत्र टीव्ही मालिकेच्या ऑफिसने त्याच्याकडे पाठवून दिलं होतं. मजकूर थोडाच होता. "सुरभीच्या पहिल्या ओवशाला माहेरची सुपं आली. दुसऱ्या दिवसापासून पोरच दिसत नाय. सुपं देवाजवळ तशीच दिसतात. सासू विचारत नाय, आईपण विचारत नाय. ती कुठं गेली तेवढं कळवा."

पेणच्या वाचनालयातली नोकरी संपल्यावर सखाराम घरी बसून एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहीत असे. नव्या सुनेने सूप भरून गौरीला ओवसायचं, म्हणजे ओवाळायचं, आणि ती सुपं माहेरने धाडायची, ही आपल्याकडची रीत त्यानेच हौसेने मालिकेत घातली होती. ऐन तेव्हा सुरभीचं काम करणारी नटी मालिका सोडून गेली. वरून निरोप आला की तिला मारू नका, परगावी धाडू नका, नावच काढू नका. लोक आठवड्यात विसरतात. सखारामने सुरभीच्या आईच्या तोंडी एकच वाक्य घातलं होतं, "माझी सुरभी कुठाय?" तेही कापलं गेलं. तो भांडला नाही. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं त्याला वाटलं. सेटवरची सुपं उचलायचं मात्र सगळेच विसरले.

उत्तर लिहायला बसला की त्याचा धीर सुटे. खरं लिहावं तर बाई हिरमुसणार, खोटं लिहावं तर आपल्याला साधणार नाही. शेवटी या श्रावणात तो पत्त्यावरचं घर शोधत स्वतःच गेला.

धोंडुबाई पडवीत वाल सोलत होत्या. मुलगा प्रविण धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, बनियनवर बसला होता. सखारामने अडखळत ओळख सांगितली तसा तो मोठ्याने हसला.

"आये, बघ कोण आलाय! तुझ्या शिरियलीचा कर्ता-करविता. काका, त्या पोरीला कुठं गायब केलीत? आमच्या म्हातारीनं डोकं खाल्लंय."

"तू गप रं," धोंडुबाई म्हणाल्या. वाल सोलायचे त्यांनी थांबवले. "तुमाला ठावं आसंल. बरी हाय ना ती?"

"ती नटी दुसरीकडे कामाला गेली, बाई."

"नटीचं नाय. सुरभीचं इचारतंय मी. जेवते-खाते ना? कुणी तरास देत नाय ना?"

"ते... आम्ही काही ठरवलंच नाही. नाव काढायचं नाही, असा हुकूम होता."

"म्हंजे तुमच्याकडंपण बंदीच व्हती?"

प्रविणचं हसू थांबलं. तो उठून आत गेला. धोंडुबाईंनी पुन्हा वालाची टोपली ओढली.

पाणी देऊन गेलेली सून, नमिता, त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"पत्र मीच लिवलं व्हतं, काका. आई सांगत गेल्या तसं. माझी नणंद, ऋतुजा. आपल्या मनानं लगीन केलं तिनं. आईंनी तिच्या ओवशाची सुपं आणून ठेवलीवती, ह्यांनी जाऊ दिली नायत. माळ्यावर हायत अजून. भिंतीवरचा तिचा फोटू उतरवला, फोन नंबर पुसला. घरात तिचं नाव घेतलं की भांडी आदळतात. शिरियलीचं इचारलं की हसतात."

"म्हणून त्या सुरभीचं विचारतात?"

"मग काय करतील?"

"मी पत्र लिहिलं तर चालेल?"

"लिवा. पण टपाल हेच उघडतात. कंपनीचा साहेब असल्यागत आईंम्होरं मोठ्यानं वाचून दाखवतात."

गाडीत तो एवढंच घोळवत बसला. घरी आल्यावर त्याने 'मला माहीत नाही' असं लिहिलं आणि कागद फाडला. मग कापलेला प्रसंग नव्याने लिहायला घेतला, या वेळी सुपं माहेरच्या माळ्यावरच ठेवून. गौर घरात आली आहे. आई सगळ्यांसमोर उभी राहते. "माझी सुरभी कुठाय? मी तिला जन्म दिलाय. तिची सुपं मी घेतलीत, ती कोण पोचवणार?" सुरभीचा भाऊ तोंड फिरवतो. आई पुन्हा विचारते. भावाचं उत्तर सखारामला लिहिता येईना. त्याने भावाचं नाव लिहिलं, पुढे संवादाची दोन टिंबं दिली आणि जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी पाकिटावर धोंडुबाईंचं नाव घातल्यावर त्याला पुन्हा वाटलं, आपण कोण यात पडणारे? प्रविण चिडला तर म्हातारीलाच भोगावं लागेल. नाहीतर तो हसत वाचायला घेईल, आईचं वाक्य वाचेल आणि मग कागद बाजूला ठेवील. तेवढंच होईल. पण तिचा प्रश्न त्या घरात एकदा मोठ्याने म्हटला जाईल, तोही त्याच्याच तोंडून.

पेणच्या पोस्टासमोर तो बराच वेळ उभा होता. मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, टाकताय का नाय?"

"टाकतो, टाकतो," तो म्हणाला आणि पाकीट पेटीत टाकलं.