मोरपंखी लेस

आईची साठी पेकमच्या हॉलमध्ये करायची ठरली, तेव्हा कापड कोणतं घ्यायचं यावर दक्षिण लंडनमधल्या निम्म्या नायजेरियन योरुबा बायकांनी खल केला. शेवटी मोरपंखी लेस आणि त्यावर सोनेरी फेटा, असं ठरलं. घरच्यांनी, आप्तांनी सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे, ही रीत. मोडता घातला तो पोटच्या पोरीनंच.

ही पोर म्हणजे डॉक्टर आबेनी. ती विद्यापीठात पेहरावाचा इतिहास शिकवायची. नेमकं याच रीतीवर तिनं जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. एकसारखं कापड म्हणजे प्रेमानं घातलेलं दडपण, असा त्याचा सारांश.

"मम्मी, माझा हा अभ्यासाचा विषय आहे. अभ्यासकाला जरा बाजूला उभं राहावं लागतं," ती फोनवर म्हणाली.

"आईच्या साठीला बाजूला? मग शेजारच्या हॉलमध्येच उभी राहा की!"

आबेनी काळी विजार आणि पांढरा कडक शर्ट घालून निघाली. कुणाचीच बाजू न घेणारा पोशाख, असं तिला वाटलं. दारावरच्या आडदांड माणसानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाढप्यांनी मागच्या दारानं यायचं. आणि उशीर झालाय तुम्हाला."

आपण कोण ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बायका अभ्यासकासमोर तोलूनमापून बोलतात. वाढपिणीसमोर कोण तोलतंय? तिला मोह आवरेना. ती मागच्या दारानं शिरली आणि क्षणात तिच्या हातात जोलोफ भाताचं भलंमोठं ताट आलं.

फोलुके आंटींच्या टेबलावर ती वाढू लागली. सख्खी मावशी, पण डोक्यावरचा फेटा इतका अवाढव्य की मान वर करायची सोय नव्हती. आंटींना फक्त ताट दिसत होतं.

"तुमच्या बहिणीच्या मुलीनं आपल्यावर पुस्तक लिहिलंय म्हणे," शेजारीण म्हणाली.

"काय लिहिलंय?"

"की आपण हे कपडे दडपणाखाली घालतो."

"दडपण आहेच! या ब्लाउजात श्वास घेता येत नाहीये मला. पण नाही घातला तर फोटोत माझी जाऊ एकटीच मिरवेल, त्याचं काय?" आंटी म्हणाल्या. "ए मुली, नुसता भात काय वाढतेस? मटण कुणासाठी राखून ठेवलंयस?"

आबेनी हरखली. असलं सोनं तिला कुठल्या मुलाखतीत मिळालं नव्हतं. त्याच तारेत ती पाण्याचा जग घेऊन मुख्य टेबलाकडे गेली. तिथे आईच्या शेजारी मोरपंखी पायघोळ झगा आणि टोपी घालून, थोरल्या जावयाच्या ऐटीत, एक गोरा गृहस्थ बसला होता. तिचेच मार्गदर्शक, प्राध्यापक विंटर.

"पाणी मिळेल का?" ते म्हणाले आणि मग वर बघितलं. "आबेनी?"

"सर, तुम्ही या कपड्यांत?"

"तुझ्या आईचा फोन आला होता," ते कुजबुजले. "नाही म्हणायची हिंमत होईना."

तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली. "आता उत्सवमूर्तींची विद्वान कन्या, कपड्यांतल्या जाणकार, डॉक्टर आबेनी बोलतील!"

ढोल वाजले. आबेनी पाण्याचा जग घेऊनच पुढे झाली. निवेदकानं माइकवर हात ठेवला. "ताई, पाणी मागाहून. आधी डॉक्टरबाईंना येऊ दे."

"मीच ती."

फोलुके आंटींचा चमचा खाली पडला. आई मात्र चिडली नाही. तिनं खुर्चीखालून एक पिशवी ओढून काढली. "मला ठाऊकच होतं. तुझा ब्लाउज मी शिवून आणलाय."

"माप कुठून आणलंस?"

"तू कॉलेजात होतीस तेव्हाचं."

"मम्मी, तेव्हा मी काडी होते!"

"मला अजून तेवढीच दिसतेस."

स्वच्छतागृहात दोघींनी तिला दाबून धरलं, तिसरीनं ब्लाउजची चेन ओढली. आंटींनी फेटा करकचून बांधला. "कान किती दुखतात हे लिहिलंयस का पुस्तकात?"

"नाही, आंटी."

"मग कसला अभ्यास केलास?"

भाषण करायला छातीत हवाच उरली नव्हती. "मम्मी... तू... होतीस... म्हणून..." एकेका शब्दाला ती थांबत होती. लोकांना वाटलं, पोरीचा कंठ दाटून आलाय. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. प्राध्यापकांनी झग्याची बाही लावली. मधेच केव्हातरी तिला खरोखरच भरून आलं, पण फरक कुणाला कळणार होता?

दुसऱ्या दिवशी आईच्या स्वयंपाकघरात दोघी फोनवर फोटो बघत बसल्या. एका फोटोत मोरपंखी बायकांची नुसती भिंत उभी होती. आबेनीनं खूप शोधलं, पण स्वतःला काही ती सापडेना.

आईनं क्षणात बोट ठेवलं. "ही काय! पोट आत ओढून उभी आहे ती."