फळ्यावरची सही

“ताई, फळ्यावर सही करताना मनात काही ठेवून करू नका,” प्रयोगशाळेतले मामा एकदा म्हणाले होते. किल्ल्या सांभाळणं नि दिवे-पंखे बघणं एवढंच मामांचं काम, म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं. “मामा, साधी सही ती. कोर्टातलं शपथपत्र थोडंच आहे!”

विद्यापीठातला कॉम्प्युटर सायन्सचा विभाग इवलासा. एक सर, तिच्यासकट पाच संशोधक, दोन खोल्या. रीत मात्र कडक. कुणाचाही निकाल बाहेर मांडण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तो तपासायचा आणि फळ्यावर ‘तपासलं’ लिहून खाली सही करायची.

बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली, तर खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत चिमणी. नवी मुलगी, सतत चिवचिवायची, म्हणून सगळे तिला तसंच म्हणायचे. खुर्ची गेली तर गेली. पण खोकल्याच्या आवाजावरून आजार ओळखणारा प्रोग्राम, ज्यासाठी तिनं दोन वर्षं रक्त आटवलं, तोही सरांनी चिमणीला देऊन टाकलेला. “बाळ लहान आहे, तुझी ओढाताण नको,” सर म्हणाले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही पाळणाघरातून धापा टाकत यायची, तेव्हा चिमणी आठपासून बसलेली असायची, ताजीतवानी, केस मोकळे!

त्यात चिमणीच्या हाती गेलेल्या त्या प्रोग्रामचा निकाल आला. शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर.

“ताई, तुम्हीच तपासा ना,” चिमणी म्हणाली. “तुमच्याच कामावर उभं आहे सगळं. तुम्ही बरं म्हणालात की माझा जीव भांड्यात पडेल.”

तिनं हेडफोन लावले. प्रोग्रामला शिकवायचे खोकले एका फोल्डरमध्ये, त्याची परीक्षा घ्यायचे दुसऱ्यात. पाळणाघरातल्या दहा पोरांत आपल्या बाळाचा खोकला ओळखणारा कान तो. थोड्याच वेळात थबकला. शेवटी बारीक शिट्टी वाजणारा, कुण्या म्हाताऱ्याचा खोकला. अरे, हा तर मघाशी शिकवायच्या फोल्डरमध्येही होता! एकाच माणसाचे खोकले दोन्हीकडे वाटले गेले होते. प्रोग्राम आजार ओळखतच नव्हता, माणसं ओळखत होता. पेपर आधीच फुटलेला.

एक वाक्य बोलायचं होतं. चिमणी समोरच नखं खात बसली होती.

“काही सापडलं, ताई?”

“छे गं. छान आहे.”

आणि तिनं फळ्यावर सही ठोकली.

चिमणीनं परिषदेत निकाल मांडला, तर एका पाहुण्या प्राध्यापकांचा पहिलाच प्रश्न आला, “एकाच रुग्णाचे नमुने दोन्हीकडे नाहीत ना?” चिमणीनं तिथंच फाइली उघडून पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला.

“कुणी तपासलं होतं हे?” सर कडाडले.

चिमणीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. “चूक माझी आहे, सर.”

त्याला आज सहा दिवस झाले. चिमणी विभागात फिरकलेली नाही, फोन बंद. मामांनी फळा पुसला, सही तेवढी ठेवली. खिडकीजवळची खुर्ची मोकळी आहे, पण तिला तिथं बसवत नाही. सरांपाशी तिनं सगळं कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, “मला काय सांगतेस? तिला सांग.”

बाळाला कडेवर घेऊन ती दोनदा चिमणीच्या खोलीवर गेली. आतून खोकला ऐकू आला, कोरडा, थकलेला. “मी आहे गं, ताई,” म्हटल्याबरोबर तोही थांबला. दार काही उघडलं नाही.

म्हणून आता तिचं तुमच्याकडे मागणं आहे. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर लाँड्री आहे, तिच्या बाजूनं वर जाणारा जिना, डावीकडचं दार. माझं नाव काढू नका, म्हणते. नुसतं टकटक करा आणि विचारा, जेवलीस का?