मुलुंडच्या थांब्यावर धरलेला हात

शहाऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात मुलुंडच्या बायका गळ्याला पदर लपेटून फिरायच्या. भाजीबाजारात कुणाची माळ गेली, दवाखान्याच्या रांगेत कुणाचं पाकीट, देवळाच्या पायरीवरून तर चपलासुद्धा. आमची सून नलिनी खोटं मंगळसूत्र घालून ऑफिसला जायची. मलाही म्हणाली, आई, खोटं घाला. मी म्हटलं, नवरा खरा आहे तर मंगळसूत्र खोटं कशाला?

त्या दुपारी बसच्या रांगेत उभी होते. मानेवर बोटं लागली. मी हातातली पिशवी टाकली, वळून मनगट आवळलं आणि चोर चोर म्हणून ओरडले.

विशीतली पोरगी. साधी सुती साडी, मुठीत माझे काळे मणी. माणसं धावली. थांब्याजवळच्या काशीराम पानवाल्याने तिची वेणीच धरली. एक जण म्हणाला, पोलीस कशाला, इथंच द्या दोन ठेवून. पोरगी पांढरीफटक पडली.

"आजी, तुमचं वाढलं होतं हो. खाली पडत होतं, म्हणून धरलं."

"वाढलं की तोडलंस?" काशीराम म्हणाला.

माझी पकड ढिली झाली. मंगळसूत्र तुटलं असं आमच्यात तोंडातून काढत नाहीत. नवऱ्याच्या जिवाला वाईट, म्हणून वाढलं म्हणायचं. इथं लोक मारायला उठलेत, आणि ही पोर माझ्या म्हाताऱ्याचं आयुष्य जपून बोलतेय. चोराला माझ्या कुंकवाची काय पडलीय?

"वेणी सोड रे काश्या. दोरा माझाच कुजका. मारायचं तर मला मार."

कुणी मारलं नाही. रांगेत मात्र सगळे आधीपेक्षा पुढे घुसले.

पोरीनं खाली पडलेल्या वाट्या वेचून मुठीतल्या मण्यांसकट माझ्या हातावर ठेवल्या. नाव विचारलं, तर सुगंधा एवढंच म्हणाली आणि बससाठी न थांबता चालू लागली. तेवढ्यात बस आली. मागच्यांनी मला ढकललं, पण मी चढले नाही. तिच्या मागं निघाले. माझी चाहूल लागताच तिनं पर्स छातीशी घट्ट धरली.

साठ वर्षांत मी कुणाला चुकले म्हटलं नव्हतं, सासूलासुद्धा नाही.

"सुगंधा, थांब गं. चुकले मी."

ती थांबली. जवळ मात्र आली नाही. मीच गेले.