साहेब तर समोरच हुते

सीमेजवळच्या एका पोलीस चौकीतून भरदुपारी बोलावणं आलं, तेव्हाच विशाखाला ते खटकलं. ती देगलूरला नायब तहसीलदार. फौजदार राघवेंद्र फोनवर म्हणाला, गांजाचा संशयित धरलाय, तो आमच्यासमोरच झडती द्यायला तयार आहे. पण वरिष्ठांचा आग्रह आहे, राजपत्रित अधिकारी हवा. येऊन सही केली की मॅडम मोकळ्या. झडतीच्या आधी सहीची घाई कशाला, हे मनात घोळवतच ती जीपमध्ये बसली.

ग्यानोबा बाकाच्या टोकावर बसला होता. लग्नाचे मांडव घालणारा माणूस. सदऱ्याची बटणं उघडी, धोतराचा सोगा सुटलेला. झडती झाली नाही तर कपडे असे कसे, तिनं विचारलं. धरताना झटापट झाली, असं हवालदार संगप्पानं लगोलग सांगितलं. उत्तर जणू तयारच होतं.

तिनं ग्यानोबालाच विचारलं, की झडतीबद्दल तुम्हाला काय सांगितलं?

"साहेबासमोर झडती देतो का म्हनले. साहेब तर समोरच हुते. म्हनलं, हाव."

राघवेंद्र खिडकीबाहेर बघू लागला. विशाखानं समजावलं, की ज्यांनी धरलं ते साहेब नव्हेत. मॅजिस्ट्रेटसमोर किंवा या धाडीत नसलेल्या अधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुम्हाला हक्क आहे. ग्यानोबा तिच्याकडं बघत राहिला. ही तरी यांच्यातलीच नसेल कशावरून, असं त्याच्या नजरेत स्पष्ट होतं.

"तुमच्यासमोर देतो, बाई. पर आधी यांची घ्या."

संगप्पा पाणी पिऊन येतो म्हणत दाराकडं वळला. तिनं हाक मारेपर्यंत तो उंबऱ्याबाहेरच्या रांजणापाशी पोचलाही होता. परत आला तेव्हा फौजदार-हवालदार दोघांच्याही खिशांत वावगं काही निघालं नाही. मग ग्यानोबाची झडती झाली. तंबाखूची चंची, एसटीचं तिकीट, बास.

विशाखा उठून रांजणापाशी गेली. मागं प्लॅस्टिकची पुडी पडली होती. वास लपत नव्हता.

आणल्याबरोबर याला इथंच पाणी पाजलं, तेव्हाच यानं टाकली असणार, असं संगप्पा म्हणाला. पाणी पाजलं हे ग्यानोबानंही कबूल केलं. पुडी आपली न्हाई, एवढंच म्हणाला आणि खाली बघू लागला.

तिनं पंचनाम्यात लिहायला लावलं, की अंगावर काही मिळालं नाही. पुडी रांजणामागे मिळाली, कोणी टाकली ते पाहिलं नाही. 'आरोपीच्या ताब्यातून' हे शब्द घालू का, राघवेंद्रनं हळूच विचारून बघितलं. ती नाही म्हणाली. पुडी बेवारस म्हणून सगळ्यांदेखत सीलबंद झाली, आणि ग्यानोबाला सोडावं लागलं.

तो मात्र फाटकातून हलेना.

"फाट्यापर्यंत संगं येता का? तुम्ही गेल्यावर हे परत धरतील."

ती त्याच्यासोबत चालत निघाली. आपण एका गरिबाला वाचवलं की गांजावाल्याला एसटीत बसवून द्यायला निघालोय, हे तिला कळेना. त्याचा चेहरा वाचायला गेली, तर तो मागं वळून चौकीकडंच बघत होता.

लातूरची गाडी आली. तो चढला, खिडकी सोडून आतल्या बाजूच्या सीटवर बसला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती फाट्यावर उभी राहिली. चौकीच्या दारात संगप्पाही उभा होता.