हवेतल्या भाकऱ्या

माझी बायको शांता गेली त्या दिवशी आमच्या पेठेच्या पोरांची बास्केटबॉलची मॅच होती, आणि ती मॅच बघायलाच ती घरातून निघाली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत वाती वळायचा कापूस आणि भाकरी-चटणीचा डबा. कोपऱ्यावर तिनं रिक्षाला हात केला आणि तिथंच खाली बसली. पुन्हा उठली नाही. मी गिरणीत होतो. दोन्ही चक्क्या चालू होत्या. शेजारचा येडू माझ्यासमोर उभा राहून काहीतरी ओरडत होता, आणि मी त्याला सांगत होतो, "डबा ठेव, तासाभरानं ये." त्यानं शेवटी वीजच बंद केली. चक्क्या थांबल्या, मग मला कळलं.

माझा उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. डावा कान कधीच गेला, उजवा गिऱ्हाइकाच्या तोंडापुरता उरला आहे. कुणी तोंडासमोर येऊन बोललं तर कळतं. लांबचं काही कळत नाही. हे मी घरात कधी मान्य केलं नाही. शांताला माहीत होतं, पण ती बोलली नाही.

आमचा मुलगा गुरुराज त्या वेळी मैदानावर होता. म्हणजे मैदानाच्या कडेला, बाकावर. तो बाकावरच बसतो. संघात त्याचा नंबर चौदा, आणि खेळायची पाळी आली तर ती मॅच आधीच जिंकलेली नाहीतर पार हरलेली असते. तरी कोच त्याला सोडत नव्हते. कारण त्याचा गळा. गिरणीत वाढलेलं पोरगं, दोन चक्क्यांच्या वर आवाज काढायची सवय. समोरच्या संघाचा डाव कुठून येणार हे तो बाकावरून कन्नडमध्ये ओरडून सांगायचा. डावीकडून येणार असला की "एडक्क!", उजवीकडून असला की "बलक्क!" आमच्या पेठेतल्या पोरांना ते कळायचं. पुण्या-साताऱ्याकडून आलेल्यांना वाटायचं, हा पोरगा कुणाला तरी शिव्या देतोय.

त्या दिवशी तो एकदाही ओरडला नाही. पायरीवरची आईची जागा रिकामी दिसली, तेव्हाच त्यानं काय ते ओळखलं. फोन नंतर गेला. पोरं ती मॅच हरली.

माती झाली, पाहुणे परत गेले. गुरू सकाळी गिरणीत यायचा, पट्टा चढवायचा, पीठ चाळायचा, पण मैदानावर जाईना. मी विचारलं नाही. मलाही कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. चक्की चालू असली की बोलायची गरज पडत नाही, हा या धंद्याचा एक फायदा आहे.

एक दिवस कोच बिरप्पा सर ज्वारीचा डबा घेऊन आले. डब्यात ज्वारी तळाला होती. नुसतं निमित्त.

"मल्लप्पाअण्णा, तुमचं पोरगं कुटं हाय?"

"आत पट्टा बघतोय."

"पट्टा ऱ्हाऊ द्या. दोन मॅचा झाल्या, बाकावर नुसती टॉवेलं बसल्यात. पोरं मागं वळून बघत्यात, कोन बी वरडत न्हाय. रविवारी फायनल हाय. साताऱ्याकडची टीम, त्यात एक ऋतुराज म्हणून हाय, ताडासारखा उंच. उभ्या उभ्या टोपलीत हात घालतंय."

गुरू बाहेर आला. हाताला पीठ, भुवयांना पीठ. "सर, मी येणार नाही. मला त्यातलं काही येत नाही."

"हे कवापास्नं?"

"पहिल्यापासून."

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. शांता दर मॅचला समोरच्या संघाच्या बाकामागं, पायरीवर बसायची. वाती वळणाऱ्या बाईकडं कोण लक्ष देतो? त्यांचा कोच पोरांना डाव सांगायचा, ती ऐकायची, आणि आमच्या बाकाकडं गिरणीतली खूण करायची. गिरणीत आवाज जात नाही म्हणून आमच्या घरात खुणा आहेत. डावी चक्की गव्हाची, तिची खूण लाटणं फिरवल्यासारखी. उजवी ज्वारीची, तिची खूण भाकरी थापल्यासारखी. ती लाटायला लागली की गुरू "एडक्क" ओरडायचा, थापायला लागली की "बलक्क".

"सगळं आईचं होतं," तो म्हणाला. "मी नुसता कर्णा. लोक मला शाबासकी द्यायचे, मी घ्यायचो. आता काय ओरडू?"

बिरप्पा सरांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "आयला, वहिनीनी तीन वर्स हेरगिरी केली! अन् मी त्येंना 'या, बसा, च्या घेनार का' म्हनत हुतो."

गुरू हसला नाही. त्याला संघ सोडायचा होता, आणि आईबरोबर तेही संपलं असं तो धरून बसला होता. मला ते बरं दिसेना. घरातली एक व्यक्ती गेली, तेवढं पुरे होतं.

"तिच्या जागेवर मी बसतो," मी म्हणालो.

"अप्पा, तुम्हाला ऐकू येतं का?"

"उजव्या कानानं सगळं येतं."

"मी मघाशी काय म्हणालो?"

"काय?"

बिरप्पा सर मधे पडले. "येतंय, येतंय. कोनाचा बाप हाय. रविवारी चारला या." आणि तळाची ज्वारी तशीच ठेवून निघून गेले.

रविवारी मी शांताची पिशवी घेतली. कापूस होता तसाच होता. वाती वळता येत नाहीत, पण हातात काहीतरी पाहिजे म्हणून घेतला. पायरीवर तिच्या जागेशेजारी धोंडीराम बसला होता. हा रिटायर एस.टी. कंडक्टर, एकही मॅच चुकवत नाही. शेंगा फोडतो आणि टरफलं पुढच्या माणसाच्या कॉलरमधे पडतात. त्यानं सरकून जागा दिली आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मला ते आवडलं.

मॅच सुरू झाली. माझ्या पुढ्यातच साताऱ्याकडच्या संघाचं बाक. त्यांचा कोच गोरा, जाड, सारखा हात हलवून पोरांना सांगत होता. मी उजवा कान पुढं काढला. काही नाही. मान लांब केली. काही नाही. इतका पुढं वाकलो की त्यांच्या एका राखीव पोरानं मला पाण्याची बाटली दिली. त्याला वाटलं, आजोबांना तहान लागली. मी पाणी प्यालो.

तिकडून गुरू माझ्याकडं बघत होता. दोन्ही बाकं एकाच कडेला, मधे पंचांचं टेबल. काहीतरी करणं भाग होतं. कोचचा डावा हात वर गेलेला दिसला म्हणून मी लाटायला लागलो. गुरू ओरडला, "एडक्क!" आमची पोरं डावीकडं धावली. ऋतुराज उजवीकडून आला आणि एका उडीत टोपलीत चेंडू घालून गेला. पुढच्या वेळी मी भाकरी थापली. तो डावीकडून आला. त्याच्या पुढच्या वेळी मी गोंधळून लाटलंही आणि थापलंही. गुरूनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मागं पेठेतल्या बायका बसल्या होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तीन घरांतून भाकरी-आमटीचे डबे आले तेव्हा कळलं. बिचारा माणूस बायको गेल्यापासून हवेत भाकऱ्या थापतोय, असं सगळ्या पेठेत झालं होतं.

मध्यंतराला आमची पोरं चांगलीच मागं होती. गुरू टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अप्पा, काय चाललंय?"

"त्यांनी डाव बदलला," मी म्हणालो.

"दर वेळी?"

"लबाड आहेत."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की शांताच बघतेय असं वाटलं. पिठात खडा निघाला की ती असंच बघायची. तो गेला. मला वाटलं, हा आता उद्या संघ सोडणार, आणि तो माझ्यामुळं सोडणार.

मी धोंडीरामाच्या मांडीवर हात मारला. "धोंडीबा, तो जाड्या काय सांगतोय रे पोरांना?"

धोंडीराम माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून कंडक्टरच्या आवाजात बोलला. "मला काय म्हाईत? वर बघा की!"

मी वर बघितलं. आमच्या डोक्यावरच खांबाला कर्णा बांधला होता. गुण, जाहिराती, कुणाच्या तरी हरवलेल्या चपला, सगळं त्यातून चाललं होतं. मला तो वाजतोय हेही कळलं नव्हतं.

"हितं बसून कुनाला काय ऐकू येतंय?" धोंडीराम म्हणाला. "माजं कान धड हायत, मला बी येत न्हाय. वहिनी तर बसल्या बसल्या कानात कापसाचं बोळं घालायच्या."

"मग ती खुणा कशाच्या करायची?"

"ते मला काय म्हाईत. तिकडं पोराकडं बघायच्या अन् हात हलवायच्या. खेळाकडं तर कवाच बघितलं न्हाय. मी एकदा म्हनलं, वहिनी, बास्केट झाली की! तर म्हनल्या, व्हय का, कुणाची?"

पिशवीतला कापूस मी बाहेर काढला. मग त्यातले दोन बोळे घेऊन कानात घातले. मला त्यांची गरज नव्हती, पण घातले.

पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा मी ऋतुराजकडं बघितलं नाही, जाड्या कोचकडं बघितलं नाही. गुरूकडं बघितलं. समोरच्यांच्या हातात चेंडू आला की त्याचा उजवा गुडघा हळूच उजवीकडं वळला. हा गुडघा मी ओळखतो. गिरणीत पट्टा निसटायच्या आधी तो असाच वळतो. पट्टा निसटणार हे गुरूला कसं कळतं ते त्याला सांगता येत नाही, पण गुडघ्याला कळतं. तो वळला की मी बटणाकडं धावतो.

मी भाकरी थापली. "बलक्क!" पोरं उजवीकडं. ऋतुराज उजवीकडूनच आला आणि आमच्या अजिंक्यच्या छातीवर आपटला. चेंडू आमचा.

पुढच्या वेळी डावा गुडघा. मी लाटलं. "एडक्क!" चेंडू पुन्हा आमचा. मग मात्र मी थांबलो नाही. शांता करायची तसंच, त्याच्याच मनातलं मी त्याला परत देत होतो आणि तो ते माझ्याकडून आलंय म्हणून बिनधास्त ओरडत होता. त्याचा आवाज कर्ण्याच्या वर गेला असणार, कारण कर्णेवाल्यानं वळून बघितलेलं मला दिसलं. धोंडीराम शेंगा फोडायचं विसरला. पाणी देणारं ते राखीव पोरगं मागं वळून माझे हात बघायला लागलं. मी त्याला शेंगा दिल्या.

बिरप्पा सरांनी नंतर सांगितलं, साताऱ्याकडच्या कोचनं पंचांकडं तक्रार केली, "तो चौदा नंबर ओरडतो, त्याला गप्प बसवा." पंच म्हणाले, "बाकावरच्या पोरानं आपल्याच टीमला ओरडून सांगायचं नाही असा नियम दाखवा." तो त्याला सापडला नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि ऋतुराजच्या हातात चेंडू होता. गुरूचे दोन्ही गुडघे गच्च जुळले, कुठंच वळेनात. माझ्याकडं बघत राहिला. मी हात मांडीवर ठेवले आणि स्वस्थ बसलो. मग तो स्वतःच ओरडला, "निंदर! निंदर!" थांबा, थांबा. पोरं जागेवर थांबली. ऋतुराजनं डावीकडं हूल दिली, कुणी हललं नाही. उजवीकडं दिली, कुणी हललं नाही. त्यानं लांबूनच चेंडू फेकला आणि तो कडीला लागून बाहेर पडला.

खेळ संपल्यावर जाड्या कोच आमच्या बाकाशी आला. मी तोवर कानातले बोळे काढून जवळ पोहोचलो होतो. त्यानं गुरूचा हात हातात घेतला आणि बिरप्पा सरांना विचारलं, "या मुलाला तुम्ही मैदानात का काढत नाही?"

"मैदानात काढला तर बाकावर कोन बसंल?" सर म्हणाले.

सत्काराला आयोजकांनी मैदानावरच्या पाचजणांपुरत्या चादरी आणल्या होत्या. अजिंक्यनं स्वतःची घेतली आणि तशीच गुरूच्या खांद्यावर टाकली. "ह्यानं इतके दिवस आम्हाला टॉवेल दिले, आज ह्याला चादर," तो कर्ण्यातून म्हणाला. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. टाळ्या दिसतात, त्या ऐकाव्या लागत नाहीत. गुरूला माईक दिला. दोन चक्क्यांच्या वर ओरडणारा पोरगा, त्यानं माईक हातभर लांब धरला. मग म्हणाला, "हे माझं नाही. आईनं ऐकलं, आज अप्पांनी ऐकलं. मी नुसतं सांगितलं." धोंडीरामानं हे सगळं मला कानात सांगितलं आणि माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला डोळ्यानंच गप्प राहायला सांगितलं.

घरी येताना गुरूनं चादर घडी करून पिशवीत ठेवली, कापसाच्या वर. म्हणाला, "पुढच्या महिन्यात सांगोल्याला मॅच आहे. अप्पा, तुम्ही येणार असाल तर मी येतो."

"येणार," मी म्हणालो.

"कान दाखवून घ्यायचा का एकदा डॉक्टरला? उजवा चांगला आहे, तो तरी जपायला पाहिजे."

"बघू," मी म्हणालो.

त्या पायरीवर आईला काही ऐकू येत नव्हतं आणि मलाही आलं नाही, हे गुरूला सांगायचं अजून राहिलं आहे.